दिवाळीचा किल्ला लेझर कटिंगनं करायचा आहे : फाइल कशी काढावी, काय कापून मागवावं?

मृण्मयी_बंगळुरू

नमस्कार मंडळी,

आम्ही बंगळुरूत सातव्या मजल्यावर राहतो. मुलाला दरवर्षी दिवाळीत किल्ला करायचा असतो आणि दरवर्षी तिथंच गाडं अडतं. माती कुठून आणायची? पोतं लिफ्टमधून वर न्यायला वॉचमन देत नाही, बाल्कनीतलं गढूळ पाणी खालच्यांच्या कपड्यांवर पडतं. यंदा तो नववीत आहे. मे महिन्यात आम्ही गुंजवण्यातून चोरदरवाजानं राजगड चढलो, तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच आहे : राजगडच करायचा, आणि मापात करायचा. तिन्ही माच्या आणि बालेकिल्ला जिथल्या तिथं आले पाहिजेत.

इंटरनेटवर शोधताना ऑनलाइन लेझर कटिंगच्या सेवा दिसल्या. आपण फाइल चढवायची, एमडीएफ (लाकडाचा लगदा दाबून केलेला तक्ता) की अ‍ॅक्रिलिक ते निवडायचं, लगेच दर दिसतो आणि आठवडाभरात कापलेले तुकडे कुरियरनं घरी येतात. पण त्यांच्या पानावर पाहावं तर नेमप्लेट, कीचेन आणि लग्नाच्या पत्रिकाच. असा डोंगर थरांनी कापून कुणी केला आहे का? फाइल कशात काढायची? मला चित्र काढायच्या सॉफ्टवेअरची जुजबी माहिती आहे, नकाशाच्या सॉफ्टवेअरची अजिबात नाही. मुलगा शिकायला तयार आहे.

भूगोलाचे_सर (कराड)

मृण्मयीताई, होतो, आणि फार चांगला होतो.

मी नोकरीभर हायस्कुलात भूगोल शिकवला. समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, धडा आला की फळ्यावर एकात एक वेडेवाकडे गोल काढायचे. निम्म्या वर्गाला त्या कांद्याच्या चकत्या वाटायच्या. आता निवृत्तीनंतर शाळांसाठी गडांचे थराथरांचे नमुने करतो. माझ्याकडे यंत्र नाही. फाइल मी काढतो, कापून दुसरीकडून येतं. तेव्हा तुमच्या मुलानं जे मनात घेतलंय ते माझ्या जिव्हाळ्याचं आहे. जरा सविस्तर लिहितो.

आधी माप ठरवा, बाकी सगळं त्यावरून निघतं. ३ मिमीचा एमडीएफ सगळीकडे मिळतो. नकाशाचं प्रमाण १:५००० धरलं तर ३ मिमी म्हणजे जमिनीवरचे १५ मीटर. म्हणजे दर १५ मीटरला एक समोच्च रेषा काढायची आणि प्रत्येक रेषेचा एक थर कापायचा. उंची आणि पसारा दोन्ही एकाच प्रमाणात येतात, डोंगर उगाच ताणला जात नाही. ३ किमी बाय ३ किमीचा मुलूख घेतला तर तळ ६० बाय ६० सेंमी होतो. पायथ्यापासूनचा चढ ६०० मीटर धरला तर थर ४० आणि उंची १२ सेंमी. पाहणाऱ्याला १२ सेंमी कमी वाटते आणि सगळे म्हणतात, उंची दुप्पट करा. करू नका. राजगड मुळातच एवढा पसरलेला आहे, हे हात ठेवून कळू द्या. बाजारात ३ मिमी म्हणून मिळणारा एमडीएफ पुष्कळदा थोडा पातळच भरतो. काटेकोरपणा हवा असेल तर ज्यांच्याकडून कापून घेणार त्यांना व्हर्नियरनं मोजून जाडी कळवायला सांगा आणि अंतर त्याप्रमाणे बदला.

उंचीची माहिती फुकट मिळते. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानानं अकरा दिवस रडार फिरवून जगाच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली, ती एसआरटीएम नावानं उपलब्ध आहे. आपल्या इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर कार्टोसॅट-१ च्या प्रतिमांवरून केलेला कार्टोडेम नोंदणी करून उतरवता येतो. दोन्हींत साधारण दर ३० मीटरला एक उंची असते. ती क्यूजीआयएस या नकाशाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. पहिलं काम, प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) बदलून यूटीएम झोन ४३ उत्तर करा, म्हणजे सगळं मीटरमध्ये येईल. हे न करता अक्षांश-रेखांशातच रेषा काढल्या तर गड पूर्व-पश्चिम ताणलेला येतो आणि कुठं चुकलं ते कळत नाही. मग माहिती क्युबिक पद्धतीनं १० मीटरवर आणा, म्हणजे मधल्या उंची सॉफ्टवेअर अंदाजानं भरतं, नाहीतर रेषा पायऱ्यापायऱ्यांच्या येतात. त्यानंतर रास्टर मेनूतून कंटूर, अंतर १५. निघालेल्या रेषा डीएक्सएफ या प्रकारच्या फाइलमध्ये काढून इंकस्केप या चित्रं काढायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घ्या. नववीच्या मुलाला दोन रविवार पुरेत. हे त्यालाच करू द्या. तुम्ही शेजारी बसा.

आता खरी युक्ती. चाळीस थर अख्खे कापायला गेलात तर एमडीएफचे चाळीस पत्रे, म्हणजे तक्ते, लागतील आणि दर बघूनच घरातले नाही म्हणतील. एवढं लाकूड लागत नाही, कारण वरच्या थराखाली झाकलं जाणारं कुणी बघत नाही. म्हणून प्रत्येक थर हातातल्या कड्यासारखा पोकळ करायचा. पत्रे चार घ्या. पहिल्या पत्र्यावर १, ५, ९, १३ अशा रेषा, दुसऱ्यावर २, ६, १०, १४, तिसऱ्यावर ३, ७, ११, चौथ्यावर ४, ८, १२. पाचव्या रेषेवर कापलं की तीच रेष पहिल्या थराची आतली कड आणि पाचव्या थराची बाहेरची कड होते. एका कापात दोन कामं. वाया जवळजवळ काही जात नाही. प्रत्येक कडं खालच्या कड्यावर तीन रेषांइतकं टेकतं, त्यामुळे डिंक लागायला जागा राहते आणि आतून पोकळ असूनही नमुना दणकट होतो.

दोन पत्र्यांत का नाही, असं मुलगा विचारील. मैदानी टेकडी असती तर दोनांत झालं असतं. ४५ अंशांच्या उतारावर आपल्या मापात दोन रेषांमधलं अंतर ३ मिमीच असतं, म्हणजे दोन पत्र्यांच्या हिशोबात कड्याची रुंदी ६ मिमी. सह्याद्रीचा उतार त्याहून उभा. तिथं कडं काडीएवढं बारीक होऊन कुरियरच्या डब्यातच मोडतं. चारांच्या हिशोबात साठ अंशांच्या उतारालाही ७ मिमी शिल्लक राहते. बालेकिल्ल्याचे वरचे थर तर पोकळ करूच नका, मुळात लहान आहेत.

ओळखायचं कसं, कुठला थर कुठं बसतो? प्रत्येक कड्यावर पुढच्या थराची रेष नुसती उमटवून घ्या, कापायची नाही. बहुतेक सेवा रंगावरून काम ओळखतात : एक रंग कापण्यासाठी, दुसरा फक्त खूण करण्यासाठी. कुठला रंग कशाला ते त्यांच्या सूचनांत असतं. त्या खुणेच्या आत थराचा क्रमांकही कोरून घ्या. वरचा थर बसला की दोन्ही झाकलं जातं. चिकटवायला साधा पांढरा फेव्हिकॉल, वर वजन म्हणून जुनी पुस्तकं.

एक आग्रहाचं सांगणं. आपल्याकडे शाळेच्या प्रकल्पाला, मखराला, सगळ्याला सनबोर्ड वापरतात. त्या नावानं विकला जाणारा पत्रा बहुधा पीव्हीसी फोमचा असतो. पीव्हीसी लेझरखाली गेला की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो; माणसाच्या छातीला वाईट आणि यंत्र गंजवणारा. चांगली सेवा तो कापायला नकारच देते. कोपऱ्यावरच्या ट्रॉफीवाल्याकडे यंत्र असेल आणि तो ‘कापून देतो की’ म्हणाला, तर तुम्ही नको म्हणा.

एमडीएफच्या कडा कापताना जळून तपकिरी-काळ्या होतात. लोक त्या घासून काढतात. तुम्ही तशाच ठेवा. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांचा डोंगर, कातळाचा टप्पा, मग माळ, पुन्हा कातळ. चाळीस काळसर कडा एकावर एक चढल्या की गुंजवण्यातून वर पाहताना दिसतो तोच डोंगर समोर उभा राहतो. रंग द्यायची गरज पडत नाही.

अमोल_पुणे

सरांचा अभ्यास दांडगा आहे, पण मला हे पटत नाही. किल्ला म्हणजे दगड, विटा, पोतं, चिखल. हात कोपरापर्यंत माखले पाहिजेत. आमच्या वाड्यात आदल्या रात्री अळीव पेरायचो, मावळे कुठं उभे करायचे यावरून भांडणं व्हायची. कुरियरनं आलेले तुकडे एकावर एक चिकटवणं हे फर्निचर जोडण्यासारखं झालं. मुलानं त्यात काय केलं?

भूगोलाचे_सर (कराड)

अमोलराव, चिखलाच्या किल्ल्याबद्दल तुम्ही म्हणता ते सगळं खरं आहे आणि अंगण असेल त्यानं तोच करावा. माझा नातू तोच करतो.

पण मुलानं काय केलं, ते सांगतो. चिखलाचा किल्ला करताना बहुतेक मुलं मधोमध ढीग लावतात, वर सिंहासन, एक रस्ता आणि एक बोगदा. नाव राजगड दिलं काय, तोरणा दिलं काय, ढीग तोच. फाइल काढणाऱ्या मुलाला प्रत्येक रेषेपाशी थांबावं लागतं. इथं रेषा एकमेकींना चिकटल्या म्हणजे कडा. इथं फाकल्या म्हणजे माची. तीन बाजूंना तीन सोंडा का निघाल्यात? पद्मावती माची एवढी ऐसपैस, म्हणून वस्ती तिथं. संजीवनी लांब आणि चिंचोळी, म्हणून तिला चिलखती, म्हणजे दुहेरी तटबंदी. हे ज्या मुलानं पडद्यावर रेष धरून सोडवलं, तो पुढच्या वेळी गडावर गेला की वेगळ्या नजरेनं चालतो. लेझर फक्त कापायचं काम करतो. डोकं मुलाचंच लागतं, आणि हातही लागतो. त्याबद्दल पुढं लिहितो.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत राजगड आहे. त्या नोंदीत भर आहे तो भूगोल आणि लष्करी बांधणी यांच्या मेळावर. तो मेळ ढिगात दिसत नाही, थरांत दिसतो. मला त्याचंच अप्रूप आहे.

मृण्मयीताई, हाताची कामं अशी. तटबंदी कापून मागवू नका. सहा मीटरचा तट आपल्या मापात जेमतेम १.२ मिमी होतो, लेझरनं कापलेली ती पट्टी बोटात धरतानाच तुटेल. तटाला बारीक सुतळी वापरा, डिंकात बुडवून माचीच्या कडेनं फिरवा, वळणं आपोआप येतात. आणि सुवेळा माचीवरचं नेढं. समोच्च रेषेला डोंगराच्या आरपार जाणारं भोक दाखवताच येत नाही, कारण एका जागेला एकच उंची हा तिचा नियम. सगळे थर बसले की त्या कातळाला दाभणानं आरपार भोक पाडायचं. तेवढ्यासाठी मुलं रांग लावतात.

आतून पोकळ आहे म्हणून कुणी पणती ठेवील. एमडीएफ पेटतो. दिव्याच्या माळेतले एलईडी चालतील, पणती बाहेर, लांब. मातीचा थरही देऊ नका. ओल लागली की एमडीएफ फुगतो. अळीव आणि मावळे हवेत तर नमुन्याच्या पायथ्याशी ताटात माती घ्या. १:५००० ला मावळा सुईच्या टोकाएवढाही होत नाही, तेव्हा त्यांची जागा खालीच.

शुभदा_अंधशाळा

मी दृष्टिहीन मुलांच्या शाळेत शिकवते. हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

आमच्या मुलांना ‘गड’ म्हणजे चढताना लागलेली धाप आणि वरचा वारा. गडाचा आकार त्यांच्या हाती कधी येत नाही. मातीचे नमुने असतात, पण ते हात लावला की झडतात, आणि रंगानं दाखवलेलं आमच्या उपयोगाचं नाही. थरांचा नमुना पहिल्यांदा वर्गात आला तेव्हा एका मुलीनं दोन्ही हात खालपासून वर नेले, मध्येच थांबली आणि म्हणाली, ‘बाई, इथं तर उभंच आहे, मग लोक कुठून चढतात?’ नकाशा वाचणाऱ्या माणसाचा हा पहिला प्रश्न असतो.

त्या अनुभवातून काही गोष्टी सुचवते. डोळस मुलांनाही उपयोग होईल.

चौकोनी तळाचा एक कोपरा तिरपा कापून घ्या, समजा ईशान्येचा. बोट लागलं की दिशा कळते. उत्तरेचा बाण शोधत बसावं लागत नाही. थरांच्या कडांवरून बारीक पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवा, फाटे बोटात जातात. सर म्हणतात तसा काळा रंग राहू दे, फक्त धार मोडा. पायवाट म्हणून जाड दोरा चिकटवा. पद्मावती तळ्याच्या जागी एमडीएफमध्ये खाच करून अ‍ॅक्रिलिकचा तुकडा बसवा. तो गार आणि गुळगुळीत लागतो, आजूबाजूचा एमडीएफ खरखरीत. मुलं ‘पाणी’ म्हणून लगेच ओळखतात.

ब्रेल लेझरनं कोरून मागवू नका. लेझर खोल खणतो, ब्रेलचा ठिपका वर उठलेला लागतो. आम्ही जाड कागदावर पाटी आणि टोचणीनं नावं लिहून तळाच्या कडेला चिकटवतो, आणि नमुन्यावर त्या त्या जागी नुसता एक टाचणीचा गोल माथा. एक टाचणी म्हणजे पद्मावती, दोन म्हणजे सुवेळा, असं. स्वस्तात होतं आणि खराब झालं तर बदलता येतं.

मृण्मयी_बंगळुरू

किती लिहिलंत तुम्ही सगळ्यांनी, मनापासून आभार. मुलगा दोन दिवस क्यूजीआयएसला चिकटून आहे. रेषा निघाल्या. आता तीन अडचणी आहेत.

एक, संजीवनी माची जवळजवळ दिसेनाशी झाली आहे. नुसता एक बोथट उंचवटा दिसतो. तो फार नाराज आहे. दोन, चार पत्र्यांची फाइल चढवली तर दर अपेक्षेपेक्षा बराच जास्त दाखवतंय. तीन, त्याला ‘राजगड’ अशी मराठी पाटी पुढं लावायची आहे. अक्षरं सुटी कापली जातील का, की सलग येतील?

भूगोलाचे_सर (कराड)

शुभदाताई, तिरपा कोपरा मी आजवर केला नव्हता. यापुढं प्रत्येक नमुन्यात करीन.

मृण्मयीताई, मुलाला सांगा की त्याचं काहीही चुकलेलं नाही. दर ३० मीटरला एक उंची, म्हणजे आपल्या मापात दर ६ मिमीला एक. संजीवनी काही ठिकाणी त्याहून फार रुंद नाही, तेव्हा दोन्ही बाजूंची दरी आणि मधली माची यांची सरासरी होऊन धार बोथट होते. बालेकिल्ल्याचा कातळही असाच गोल झाला असेल. हे उपग्रहानं दिलेल्या कच्च्या मालाचं स्वरूप आहे, ते हातानं दुरुस्त करायचं. क्यूजीआयएसमध्ये रेषांच्या खाली उपग्रहाचं छायाचित्र ठेवा. त्यात संजीवनीचा तट स्वच्छ दिसतो. तटाच्या कडेनं नवी रेष काढा आणि वरच्या तीन-चार समोच्च रेषा त्या कडेपर्यंत ओढून आणा. बालेकिल्ल्यालाही तसंच. तुम्ही मे महिन्यात काढलेले फोटो बाजूला उघडे ठेवा; कडा कुठं सुरू होतो ते फोटोतच कळेल. मला विचाराल तर सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा भाग हाच. घाई करू नका.

दराचं असं आहे. या सेवा साहित्याचे आणि यंत्र किती मिनिटं चाललं याचे पैसे लावतात. मिनिटं वाढतात ती रेषेच्या लांबीनं आणि तिच्यावरच्या बिंदूंनी. दोन गोष्टी तपासा. पहिली, एकाच जागी दोन रेषा तर नाहीत ना? पाचवी रेष पहिल्या थरासाठी एकदा आणि पाचव्या थरासाठी पुन्हा, अशी दोनदा ठेवली गेली असेल तर यंत्र तिथं दोनदा फिरणार आणि कडही जास्त जळणार. एक काढून टाका. दुसरी, इंकस्केपमध्ये ‘सिम्प्लिफाय’ हलक्या हातानं वापरा. खालच्या उतारावरच्या रेषा बिनधास्त सोप्या करा, तिथल्या नागमोडीला अर्थ नसतो. माच्यांना आणि बालेकिल्ल्याला हात लावू नका. क्रमांक कोरण्यासाठी भरीव अक्षरं घेतली असतील तर ती बारीक एकेरी रेषेची करा. भरीव अक्षर म्हणजे यंत्र झाडू मारल्यासारखं डावी-उजवीकडे फिरत राहतं, त्यात फार वेळ जातो.

आणि पाटी. देवनागरीला इथं शिरोरेषेचा मोठा आधार आहे. ‘राजगड’ मधला ‘ग’ दोन सुट्या भागांचा, पण दोन्ही शिरोरेषेला टांगलेले, म्हणून शब्द एकसंध कापून येतो. रोमन अक्षरं असती तर एकेक सुटं झालं असतं. मात्र फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची स्वतःची शिरोरेषा असते आणि शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. तसंच पाठवलंत तर यंत्र त्या प्रत्येक सांध्यावर काप घेणार आणि अक्षरं वेगळी होणार. म्हणून आधी मजकूर रेषांच्या आकारांत बदला, मग सगळे आकार निवडून ‘युनियन’ करा, म्हणजे बाहेरची एकच रेष उरते. पाहायचं ते अनुस्वाराकडे. ‘राजगड’ ला तो नाही, पण ‘संजीवनी’ करायला गेलात तर टिंब टेबलाखाली पडलेलं सापडेल. त्याला शिरोरेषेपर्यंत बारीक देठ जोडा. फाँट एक टाइप या मुंबईच्या मंडळींचा ‘मुक्त’ घ्या, जाड वजनाचा. खुला परवाना आहे आणि वरच्या मात्रा आणि खालचे उकारही ३ मिमीत टिकतात.

ओंकार_शिरूर

थोडी भर घालतो. मी पाबळच्या विज्ञान आश्रमात शिकलो. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये तो सुरू केला, हातानं काम करत शिकण्यासाठी. अमेरिकेतल्या एमआयटीत नील गेर्शेनफेल्ड यांनी १९९८ पासून ‘जवळजवळ काहीही कसं बनवावं’ या अर्थाच्या नावाचा अभ्यासक्रम चालवला, त्यातून फॅब लॅबची, म्हणजे संगणकावर चालणारी यंत्रं सगळ्यांना वापरू देणाऱ्या कार्यशाळेची, कल्पना निघाली, आणि एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये आमच्या पाबळला आली. म्हणजे शिरूर तालुक्यातल्या खेड्यातली मुलं हे काम बरंच आधीपासून करतायत. ‘फाइल पाठवा, तुकडे घरी घ्या’ ही पद्धत न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या पोनोकोनं २००७ मध्ये सुरू केली, ती त्यानंतरची.

आणखी एक गोष्ट मुलाला जरूर सांगा. एमडीएफ आणि अ‍ॅक्रिलिक ज्यानं कापतात तो कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधला. त्यांचा जन्म बारामतीचा आणि शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचं. त्या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, लाकूड आणि अ‍ॅक्रिलिक ती शोषून घेतात म्हणून साध्या ताकदीच्या यंत्रावरही स्वच्छ कापली जातात. धातू ती परतवतात, म्हणून त्यांना बहुधा फायबर लेझर लागतो.

आता कामाचं : ऑनलाइनच मागवायला हवं असं नाही. बंगळुरूत मेकरस्पेस, म्हणजे यंत्रं वापरू देणाऱ्या सामाईक कार्यशाळा, आहेत, तिथं मुलाला घेऊन जा आणि त्याच्या समोर कापून घ्या. दर कदाचित तोच पडेल, पण पहिला पत्रा कापताना काही चुकतंय असं दिसलं तर उरलेले तीन थांबवता येतात. एमडीएफमधल्या रेझिनचा धूर डोळ्यांना लागतो, तेव्हा धूर ओढणारा पंखा चालू आहे का ते आधी पाहा. आणि तुकडे घरी आणल्यावर दोन दिवस बाल्कनीत वारा खाऊ द्या, मग झोपायच्या खोलीत न्या.

मृण्मयी_बंगळुरू

दुहेरी रेषा निघाल्या, आणि बऱ्याच निघाल्या! त्या काढल्यावर आणि क्रमांक एकेरी केल्यावर दर आवाक्यात आला. संजीवनीवर मुलानं काल रात्री उशिरापर्यंत काम केलं. आता ती ओळखू येते. तिरपा कोपराही घेतलाय. ओंकार, मेकरस्पेसमध्ये शनिवारची वेळ घेतली आहे.

शुभदाताई, मुलगा विचारतोय की फाइल तयारच आहे तर तुमच्या शाळेसाठी दुसरा संच कापून पाठवू का? तुम्हाला ६० सेंमीचा चालेल की लहान हवा? आणि मुलं सगळीकडून हात लावणार, तर पोकळ नमुना टिकेल का?

शुभदा_अंधशाळा

चालेल म्हणजे काय, वाट बघते! पण ६० नको. बसलेल्या मुलाचे दोन्ही हात एका वेळी पूर्ण गडावर पोचले पाहिजेत, म्हणजे ४० च्या आसपास. टिकण्याचं सरच सांगतील.

भूगोलाचे_सर (कराड)

४० सेंमीसाठी फाइल नुसती लहान करू नका. प्रमाण १:७५०० होईल, मग ३ मिमीला जमिनीवरचे साडेबावीस मीटर. म्हणून रेषा २२.५ मीटरच्या अंतरानं नव्यानं काढायच्या, थर २७ च्या आसपास येतील. मुलानं सुधारलेली संजीवनीची कड त्याच्याकडे आहेच, तीच पुन्हा वापरायची. हातांखाली दाबला जाणार असल्यानं मधे आधार द्या : एमडीएफच्या उरलेल्या तुकड्यांचे चौकोन एकावर एक चिकटवून चार-पाच खांब, बालेकिल्ल्याखाली आणि तिन्ही माच्यांखाली. खांबाची उंची त्या जागी थर किती यावरून मोजायची.

आणि शनिवारी निघण्याआधी दोन्ही फाइलींच्या कोपऱ्यात बरोबर १०० मिमी बाय १०० मिमीचा एक चौकोन काढून ठेवा. डीएक्सएफ एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना मिमीचे इंच होण्याची सवय आहे. यंत्रावर फाइल उघडली की त्यांना आधी तो चौकोन पडद्यावर मोजायला सांगा. शंभर भरला की मगच पत्रा लावा.